कोथरूडमधील मालमत्ता एजन्सी: नव्या फ्लॅटला चोख, जुन्याला मोघम

कोथरूडमधील एका मालमत्ता एजन्सीमार्फत आम्ही आधी बावधनच्या नव्या प्रकल्पातील फ्लॅट पाहिला आणि शेवटी तिच्याचमार्फत एका जुन्या सोसायटीतील फ्लॅट घेतला. दोन्ही वेळा माणसे तीच होती, वागणूक मात्र एकसारखी नव्हती.

नव्या प्रकल्पाबाबत त्यांच्या कामाला नावे ठेवायला जागा नाही. पहिल्याच भेटीत एजंटने महारेराकडचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडचा, स्वतःचा नोंदणी क्रमांक दाखवला आणि माहितीपत्रकावरचा क्यूआर कोड आमच्याच मोबाइलवर स्कॅन करायला लावला. पत्रकात ताबा वर्षअखेरीस लिहिला होता, कोडवरून उघडलेल्या महारेराच्या पोर्टलवर मात्र बिल्डरने वाढवून घेतलेली मुदत दिसत होती. ही तफावत त्यांनी आपणहून दाखवली. जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून फुगवलेला ‘सुपर बिल्टअप’चा आकडा पेन्सिलने खोडून, बाल्कनी वगळून, चटई क्षेत्र, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, बाजूला लिहून दिले. बिल्डरच्या कार्यालयात बुकिंगसाठी 20 टक्के मागितले गेले, तेव्हा नोंदणीकृत करारनामा होण्याआधी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचे कलम 13 त्यांनी तिथल्या तिथे ऐकवले. ज्याच्याकडून दलाली मिळायची, त्याच्याच तोंडावर असे बोलणे सोपे नसते.

2016 च्या या कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली, खोट्या जाहिरातीला मनाई केली आणि ग्राहकाला कागदपत्रे मिळवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. विनानोंदणी व्यवहार केल्यास दिवसाला 10,000 रुपये, घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या सोसायटीतील पुनर्विक्रीला हे कवच बहुतांशी नाही, आणि नेमकी तिथेच ही एजन्सी मोघम झाली. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, तिचे ना-हरकत पत्र सारे वेळेवर मिळाले; पण आमच्याकडून 2 टक्के ठरवताना विक्रेत्याकडूनही दलाली घेणार असल्याचे कोणी सांगितले नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नंबर लागण्याची वाट पाहत असताना ते विक्रेत्याच्याच तोंडून कळले. दोन्हीकडून दलाली घेण्याची पद्धत पुण्यात सर्रास आहे आणि माझा आक्षेप तिच्यावर नाही. परंतु जो माणूस आमच्या वतीने किंमत खाली आणायला बसला आहे, त्याला समोरूनही टक्केवारीने पैसे मिळणार आहेत, हे घासाघीस सुरू होण्याआधी समजायला हवे होते. जाब विचारल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता अर्धा टक्का कमी केला आणि जीएसटीसह पावती दिली, एवढे मान्य करायला हवे.

नव्या प्रकल्पासाठी इथे निर्धास्त जावे. पुनर्विक्रीचा फ्लॅट घ्यायचा असल्यास दलाली कोणाकोणाकडून घेणार, हे टोकन देण्यापूर्वीच लेखी घ्यावे.