मिनीडीएसपी २x४ एचडी आणि युमिक-१: बेसचं घुमणं आवरतं, आवाजाचं फाटणं नाही

दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. आवाजाच्या वेगाला समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की तिचे पहिले रूम मोड, म्हणजे खोली ज्या सुरांना आपोआप घुमते ते सूर, मिळतात: साधारण ४७, ५७ आणि ५९ हर्ट्झ. शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांवरच बसतात, म्हणून तिथे बेस फुगतो आणि सुटता सुटत नाही. स्पीकर कितीही महाग आणला तरी हे घुमणं जात नाही, कारण ते खोलीचं आहे. हाँगकाँगच्या मिनीडीएसपी कंपनीचा २x४ एचडी, हा आवाजाच्या सिग्नलवर डिजिटल फिल्टर लावणारा २ इनपुट, ४ आउटपुटचा डबा, नेमका इथेच पैसे वसूल करतो.

जोडीला युमिक-१ माइक हवाच. त्याच्या सीरियल नंबरवरून दोन कॅलिब्रेशन फाइल मिळतात: माइक स्पीकरकडे रोखला तर ० अंशाची, छताकडे उभा धरला तर ९० अंशाची. फाइल चुकली की वरच्या पट्टीचं माप बिघडतं आणि बिचाऱ्या ट्वीटरला बोल लागतो. मोजायला जॉन मल्काही यांचं आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर, तेही फुकट. माइक कानाच्या उंचीवर स्टँडला लावा, विंडोजमध्ये माइकचा दर ४८ किलोहर्ट्झ ठेवा, पातळी ७५ डेसिबलच्या आसपास. छताचा पंखा बंद करा. त्याचा आवाज हा अर्धाच त्रास आहे. फिरती पाती आणि हलती हवा परावर्तनं सतत बदलत ठेवतात, आणि स्वीप (मोजताना वाजवला जाणारा, खालून वर सरकणारा सूर) तर खोली स्थिर आहे असं धरून चालतो. डावा-उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा, डोक्याच्या आसपासच्या पाच-सहा जागी, आणि सरासरी काढा.

मग आरईडब्ल्यूमधल्या ईक्यूच्या (ठरावीक फ्रीक्वेन्सीची पातळी कमी-जास्त करण्याच्या) खिडकीत यादीतून २x४ एचडी निवडा, मॅच रेंज, म्हणजे दुरुस्तीचा पट्टा, २० ते २५० हर्ट्झ, बूस्ट (पातळी चढवणं) शून्य. एवढ्या खोलीत २५०च्या वर मोड इतके दाट होतात की माइक वीतभर सरकवला तरी आलेख बदलतो. तिथे एका जागेसाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या खुर्चीत बिघाड ठरते. आलेखातले उंचवटे कापा, खड्डे भरू नका. मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर ठेवलेल्या स्पीकरला १४४ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतलेली लाट उलटी भेटते. तिथे १० डेसिबल चढवले तर अँपकडून दसपट पॉवर जाते आणि परतणारी लाटही तितकीच मोठी होते. खड्डा तसाच राहतो. त्यापेक्षा स्पीकर सरकवा. याउलट मोडचा उंचवटा अचूक फ्रीक्वेन्सी आणि अचूक क्यू (कापाची रुंदी ठरवणारा आकडा) घेऊन कापला, तर नुसती पातळी उतरत नाही, घुमण्याची शेपूटही आखूड होते. वॉटरफॉल आलेख (आवाज वेळेनुसार कसा विरतो ते दाखवणारा) आधी आणि नंतर काढून हे तपासाच.

एक हमखास चूक: हा डबा आतून ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर चालतो, जुना साधा २x४ मात्र ४८ वर. यादीतून जुना निवडून बायक्वाडचे (फिल्टरचे) आकडे इथे भरले, तर ४७ हर्ट्झचा काप जाऊन ९४ वर पडतो आणि बेस आधीपेक्षा वाईट वाटतो.

जाहिरातीत एफआयआर फिल्टरचं कौतुक भरपूर आहे. एकूण ४०९६ टॅप (फिल्टरची लांबी मोजायचं एकक), एका चॅनेलला जास्तीत जास्त २०४८. ९६ किलोहर्ट्झवर म्हणजे २१ मिलिसेकंद. ४७ हर्ट्झच्या एका आवर्तनालाच तेवढा वेळ लागतो. बेससाठी ते निरुपयोगी, तिथे प्रत्येक चॅनेलचे १० पॅरामेट्रिक बँडच, म्हणजे वर सांगितलेले फ्रीक्वेन्सी आणि क्यूवाले फिल्टरच, कामाचे.

आता फाटणं, म्हणजे डिस्टॉर्शन. वूफरचा कोन जास्त हलला की कॉइल चुंबकाच्या पट्ट्याबाहेर जाते, सस्पेन्शन ताणतं आणि मूळ सुरात नसलेले हार्मोनिक तयार होतात. ईक्यू ते पुसू शकत नाही. त्यासाठी ड्रायव्हरचं (इथे वूफरचं) गणिती मॉडेल लागतं. ड्रेस्डेनच्या क्लिपेल कंपनीचं तंत्र ते करतं, हा डबा नाही. याच्याकडे आडवाट आहे: कोनचं काम कमी करणं. तितकाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर कोनला चौपट हलावं लागतं. पाच इंची वूफरला ८० हर्ट्झवर सप्तकाला २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावून खालचं काम सबवूफरला दिलं, की मोठ्या आवाजातलं फाटणं स्पष्ट कमी होतं.

हे फाटणं मोजताना माइक खुर्चीपाशी ठेवू नका. मूळ सूर खोलीच्या खड्ड्यात असेल आणि हार्मोनिक नसेल, तर टक्केवारी खोटी फुगते. माइक कोनजवळ न्या आणि पातळी उतरवा, नाहीतर माइकच फाटायचा.

सबवूफरचा डिले (वेळेतला फरक) जुळवताना आरईडब्ल्यूमधला अकूस्टिक टायमिंग रेफरन्स, म्हणजे वेळेची खूण म्हणून स्पीकरवर वाजणारा आवाज, चालू ठेवा. यूएसबी माइकचं घड्याळ वेगळं असल्याने त्याशिवाय दोन मापांची वेळ ताडता येत नाही. टीव्ही ऑप्टिकलने जोडणार असाल तर त्याचं आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा, कारण डॉल्बी या डब्याला उलगडत नाही.

सबवूफर नसेल आणि ऐकणं विंडोज लॅपटॉपवरूनच असेल, तर डबा घेऊच नका. नुसता माइक घ्या; आरईडब्ल्यूचे फिल्टर ईक्वलायझर एपीओ या विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात चालतात.