एका रविवारच्या तीन सीडी

महिन्यातून एकदा आम्ही सहा जण एकत्र बसून जॅझ ऐकतो. नियम एकच आहे: ज्यानं रेकॉर्डिंग आणलं, त्यानं ते संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आपल्या आवडीचं दुसऱ्याला ऐकवताना राहवत नाही. "आता ऐक, आता येईल" असं निघतंच, आणि समोरच्याचं ऐकणं तिथंच मोडतं. गेल्या वेळी पाळी माझी होती. मी बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचा 'द कम्प्लीट व्हिलेज व्हॅनगार्ड रेकॉर्डिंग्ज, १९६१' हा तीन सीडींचा संच नेला होता, आणि तिन्ही सीडी होईपर्यंत गप्प राहणं मला फार जड गेलं. तेव्हा जे बोलता आलं नाही, ते इथं लिहिते.

आधी हा संच आहे कशाचा, ते सांगते. २५ जून १९६१ हा रविवार होता. न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये पियानोवर बिल एव्हान्स, बासवर (मोठ्या, उभ्या व्हायोलिनसारख्या खर्जाच्या वाद्यावर) स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन असे तिघं वाजवत होते. दुपारी दोन आणि रात्री तीन, असे पाच सेट (मध्ये विश्रांती घेऊन वाजवलेल्या फेऱ्या) झाले. रिव्हरसाइड कंपनीचे निर्माते ओरिन कीपन्यूज यांनी ते सगळे टेपवर घेतले. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५.

त्या टेपांमधून आधी दोन एलपी निघाल्या: 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. जॅझ नव्यानं ऐकू लागलेल्या माणसाला कुणीही जाणकार या दोन्हींची नावं सांगतोच, आणि त्यात चुकीचं काही नाही. पण पहिली एलपी लाफारो गेल्यानंतर, त्याच्या आठवणीत निवडलेली आहे. तिची सुरुवात त्याच्या 'ग्लोरियाज स्टेप'नं होते, शेवटही त्याच्याच 'जेड व्हिजन्स'नं होतो, आणि मधल्या रचनांचे टेक (एकाच रचनेची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं) निवडताना त्याचा बास पुढं राहील हे पाहिलेलं आहे. म्हणजे ती ऐकताना आपण नकळत श्रद्धांजलीला बसलेलो असतो.

संचात तसं होत नाही. इथं पाचही सेट वाजले त्याच क्रमानं लावलेत, आणि या क्रमात लाफारो जिवंत आहे. कामावर आलेल्या तिघांपैकी तो एक आहे. सुरुवातीची घोषणा होते, 'ग्लोरियाज स्टेप' सुरू होतं, आणि मध्येच वीज दगा देते, टेपवरचा आवाज तुटतो. तो तुटलेला टेकही तसाच ठेवलाय. पुढं तीच रचना दिवसभरात आणखी दोनदा येते. 'ऑल ऑफ यू'सुद्धा तीनदा. आमच्यातल्या एकाला हे आवडलं नाही. "एकच गाणं तीनदा कशाला?" असं त्याचं म्हणणं. सगळं एका दमात ऐकायचं तर त्याचं म्हणणं रास्त आहे. कुणाला भेट द्यायची असेल तर मीही एलपीच देईन. पण ज्याला हे तिघं एकमेकांचं कसं ऐकत होते ते समजून घ्यायचंय, त्याच्यासाठी खरा ऐवज याच पुनरावृत्तीत आहे. 'ऑल ऑफ यू'चे तिन्ही टेक लागोपाठ लावा आणि फक्त बास ऐका. कुठं त्यानं एव्हान्सचं वाक्य पुरं केलं, कुठं मुद्दाम अर्धं सोडलं, कुठं आडवा गेला, हे कान देऊन ऐकलं की या त्रिकुटाचं इतकं नाव का, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. साधारणपणे बासवाला चालता ठेका धरून ठेवतो आणि पियानोवाला त्यावर उभा राहतो. इथं पियानो आणि बास बरोबरीनं बोलतात, आणि ठेका वाजवून दाखवावा न लागता तिघांच्या मनात चालू असतो.

'वॉल्ट्झ फॉर डेबी'चं एक ठिकाण मला फार जवळचं आहे. मूळ धून तीन मात्रांची. एव्हान्स ती आधी ड्रम्सशिवाय, फक्त बासच्या सोबतीनं मांडतो, हळू, एखाद्या लहान मुलीला झोपाळ्यावर बसवावं तशी. (ही रचना त्यानं आपल्या पुतणीसाठी केली होती.) धून पुरी झाली की चाल चार मात्रांवर येते आणि मोशनचे ब्रश (काठ्यांऐवजी ड्रम्सवर फिरवायचे तारांचे झुपके) सरसर फिरू लागतात. जागा बदलल्याचा धक्का बसत नाही, फक्त अंग हलकं होतं. मी हे ठिकाण किती वेळा मागं नेऊन ऐकलंय याचा हिशेब नाही.

आता आवाजाविषयी. 'माय फूलिश हार्ट' अगदी मंद आहे, एव्हान्स एकेक स्वर तोलून ठेवतोय, आणि मागं लोक गप्पा मारताहेत, हसताहेत, ग्लास किणकिणताहेत. आमच्यातली सगळ्यात लहान मैत्रीण नंतर म्हणाली, "ताई, इतकं सुंदर चाललंय आणि हे लोक बोलतातच कसे?" मलाही पहिल्यांदा असाच राग आला होता. आता वाटतं, ती किणकिण नसती तर मला ती खोली दिसली नसती. हे तिघं गप्प बसलेल्या सभागृहासाठी वाजवत नव्हते, एकमेकांसाठी वाजवत होते. शक्य असेल तर हेडफोन लावा. मोशनच्या झांजेवरचा ब्रश उचलल्यावर उरणारी बारीक झिणझिण स्पीकरवर हरवते.

एक तक्रार आहे, ती संचाची नाही. मी हेच रेकॉर्डिंग आधी एका स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ऐकलं होतं. तिथं दोन रचनांमध्ये आवाज कापला जायचा आणि शेवटची रचना संपायच्या आत भलतंच गाणं सुरू व्हायचं. अ‍ॅपवरच ऐकणार असाल तर ऑटोप्ले आणि शफल बंद करा. या संचात दोन रचनांमधला वेळही ऐकण्यासारखा आहे. वाद्यं सावरली जातात, पुढं काय घ्यायचं त्याची कुजबुज होते.

आमच्या गटात या रेकॉर्डिंगनंतर जे झालं त्याचा मला जास्त आनंद आहे. नवा कलाकार शोधायला माझी एकच पद्धत आहे: मुख्य नाव सोडायचं आणि साथीदारांची नावं धरून पुढं जायचं. एकानं लाफारोला धरलं आणि तो थेट सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या अल्बमवर पोचला. डिसेंबर १९६० मधलं ते रेकॉर्डिंग, डाव्या बाजूला एक चौकडी, उजव्या बाजूला दुसरी, सदतीसेक मिनिटांची एकच रचना, आणि डावीकडच्या चौकडीत हाच लाफारो. सहा महिन्यांच्या अंतरानं हा माणूस या दोन्ही ठिकाणी होता, हे कळल्यावर त्याला दोन्ही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावी लागली. दुसरीनं मोशनला धरलं. तिला बिल फ्रिझेलची गिटार आणि जो लोवानोचा सॅक्सोफोन सापडला, कारण त्या दोघांबरोबर मोशनचं त्रिकूट कितीतरी वर्षं होतं आणि त्यात बास नाहीच. आणि मघाची ती सगळ्यात लहान मैत्रीण पुढच्या खेपेला पियानोवादक विजय अय्यरचा २०२१ चा अल्बम 'अनईझी' घेऊन आली. पियानो, बास, ड्रम्स असं पुन्हा त्रिकूटच. बासवर लिंडा मे हान ओ आणि ड्रम्सवर टायशॉन सोरी. मी लिंडाला त्याआधी ऐकलंच नव्हतं. तिचा बास नुसता तळाशी बसून राहत नाही, पियानोच्या बोलण्यात सामील होतो. नियमाप्रमाणे मैत्रीण गप्प होती, पण तो बास वर आला तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं.

संच घेतलात तर तिसऱ्या सीडीवर 'जेड व्हिजन्स'चे दोन टेक लागोपाठ आहेत. नऊ मात्रांची, फार थोड्या स्वरांची, लाफारोचीच रचना. दुसरा टेक झाला की लगेच उठू नका. त्यानंतर एक छोटासा तुकडा आहे, नाव 'अ फ्यू फायनल बार्स'. सेट आटोपतानाचे ते शेवटचे थोडे स्वर आहेत. तिघंही अजून वाजवताहेत.