चुंबक चिकटलं नाही म्हणून घेतलं, साडेचौदा हजाराला गेलो

पहिलंच सांगतो, मी मशीन शॉपवाला माणूस हाय. बावीस वर्षं लेथ, मिलिंग, व्हर्नियर यातच गेली. त्यामुळे स्टीलच्या भांड्यात मला कोण फसवणार अशी एक मस्ती होती अंगात. ती उतरली, म्हणून लिहिलालोय.

विषय काय तर फर्मेंटर, म्हणजे बिअर-बिअर आंबवत ठेवायचं भांडं. मी कंपनीच्या कामाला तीन वर्षं इंग्लंडात कोव्हेंट्रीला होतो. तिकडं 1963 पासून घरी बिअर करायला लायसन लागत नाही, त्यामुळे माझ्या घरमालकाच्या गॅरेजमध्ये 25 लिटरच्या पांढऱ्या प्लास्टिक बादल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. त्याच्याकडूनच नाद लागला. 2021 ला बेळगावला परत आलो, खरं इथं एक्साइजचा कायदा वेगळा. लायसन नसताना घरी बिअर करता येत नाही, आणि टिळकवाडीत राहून तसले धंदे केले तर आईच पहिली पोलिसात जाईल. म्हणून मी कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, आणि दोन दिवसात फ्रीजमध्ये टाकायची आल्याची जिंजर बिअर यावर आलो. भांडं तेच लागतं आणि प्लास्टिक की स्टील हा वादही तोच.

आधी प्लास्टिकचं सांगतो, कारण तिथंही एकदा खाल्लाय मार. जुने निळे ड्रम विकणारे असतात बघा, त्यातल्या एकाकडनं 50 लिटरचा घेतला. त्यानं ड्रम उलटा करून बुडाचा त्रिकोण दाखवला, आत 2 आकडा, "बघा सर, फूड ग्रेड". तो 2 म्हणजे नुसतं एचडीपीई. प्लास्टिक कुठल्या जातीचं एवढंच तो आकडा सांगतो, त्यात आधी काय भरलं होतं ते नाही सांगत. फूड ग्रेडची खूण वेगळी असते, ग्लास आणि काट्याचं चित्र. घरी आणून गरम पाणी ओतलं तर पहिल्यांदा लोणच्याचा वास आला आणि मागनं आणखी कसलातरी, फिनेलसारखा. आठ दिवस सोड्यात, उन्हात, लिंबात, सगळं करून झालं. वास काय जाईना. शेवटी बागेत कचऱ्याला लावला.

मग पुण्याहून दोन नव्या चांगल्या बादल्या मागवल्या आणि खरं सांगायचं तर त्यांनी दीड वर्ष काहीही त्रास दिला नाही. मग बिघडलं कुठं, तर घरच्या कामवाल्या मावशींनी एकदा प्रेमानं तारेच्या काथ्यानं घासून लख्ख करून ठेवल्या. प्लास्टिकला ओरखडा पडला की संपलं. त्या बारीक चरीत सॅनिटायझर पोचत नाही, जंतू पोचतात, आणि पुढची बॅच अशी आंबट झाली की मेव्हण्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "भावजी, हे केसाला लावायचं का?"

तर त्या दिवशी ठरवलं, आता स्टीलच. ओरखड्याचं भय नाही, वास धरत नाही, उकळतं पाणी सरळ ओतता येतं. आणि प्लास्टिकमधनं थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपत राहतो, महिनाभर ठेवायच्या बिअरला ते बाधतं, स्टीलमध्ये तो प्रश्नच नाही. हे सगळं खरंच हाय, स्टीलबद्दल माझी तक्रार नाही.

बाहेरून मागवलेला तयार फर्मेंटर महाग पडतो. आणि आपण बेळगावचे, घरापासून दहा मिनिटांवर उद्यमबाग, अख्ख्या देशाला फौंड्रीचा आणि हायड्रॉलिकचा माल इथनं जातो, मग एक भांडं बाहेरनं कशाला मागवायचं? ओळखीतनं एक फॅब्रिकेटर कळला. त्याचं नाव गाव लिहीत नाही. गेलो तर माणूस लई गोड. अर्धं मराठी, अर्धं कन्नड. "सर, डेअरीवाल्यांना आम्हीच देतो, 304 शिवाय दुसरा माल आत येत नाही." 304 म्हणजे भांड्याला चांगला समजला जाणारा स्टीलचा ग्रेड. मी म्हटलं 304 कशावरनं? त्यानं खिशातनं चुंबक काढलं, पत्र्याला लावलं, सोडलं. टप्पकन खाली पडलं. दुसऱ्या पत्र्याला लावलं, ते चिकटून बसलं. "नोडरी (बघा) सर, हा हलका, तो 304." परत एकदा सोडून दाखवलं. मीही मान हलवली. वर शहाणपणा म्हणून व्हर्नियर काढून जाडी मोजली, 1.2 मिलीमीटर, अगदी बरोबर. त्यानं मापात फसवलंच नाही, मालात फसवलं.

चुंबकाचं गणित मला नंतर नीट कळलं, तेच मेन सांगायचं हाय. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग. म्हणून 200 सिरीजच्या मालात, म्हणजे 201, 202 आणि बाजारात ज्याला जे-4 म्हणतात त्यात, निकेल कमी करून मँगनीज घालतात. मँगनीज घातलं तरी स्टील चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चुंबकाच्या परीक्षेत दोघंही पास. चुंबकानं फक्त 430 सारखा बिननिकेलचा माल नाहीतर लोखंड कळतं. आणि गंमत बघा, खरं 304 सुद्धा जिथं दाबून वाकवलंय तिथं थोडं चिकटतं. आमच्या घरच्या चांगल्या डब्याच्या काठाला चुंबक हलकं धरतं, आणि ह्या खोट्या भांड्याला कुठंच नाही!

30 लिटरचं भांडं, रुंद तोंड, झाकण, खाली कॉक. साडेचौदा हजार. पाच हजार ॲडव्हान्स. बिल मागितलं तर "बिल केलं तर जीएसटी वर लागंल बघा सर, तुम्ही घरचेच." आणि मी घरचा झालो. वहीच्या पानावर त्यानं लिहून दिलं, "एसएस भांडे 1 नग". 304 हा आकडा कागदावर कुठंच नाही, आणि मला ते त्या वेळी दिसलंही नाही, मी बफिंगची चकाकी बघण्यात गुंग.

घरी आणल्यावर आधी गोडेतेल लावून आतनं पुसलं, बफिंगचा काळा मसाला बसलेला असतो तो पाण्यानं निघत नाही, तेलानं निघतो. चार फडकी काळी झाली. मग साबण, मग सायट्रिक ॲसिड. पहिली बॅच झक्कास. दुसरी पण. तिसरी कोम्बुचाची होती, दहा दिवस ठेवलेली, आणि कोम्बुचा म्हणजे बिअरपेक्षा बराच आंबट, पीएच 3 च्या आसपास जातो. चाखलं तर लहानपणी दाराची कडी चाटल्यावर लागायचं तसं जिभेच्या कडेला लागलं. सगळं ओतून टाकलं आणि टॉर्च घेऊन भांड्यात डोकं घातलं. बुडाच्या वेल्डिंगला लागून चहाच्या कपाला बसतो तशी तांबूस रेघ, पुरी गोल फिरलेली, आणि तिच्या वर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. बोट फिरवलं तर वेल्डचा आतला भाग खरखरीत, जळलेल्या साखरेसारखा. वेल्डिंग करताना आतल्या बाजूला हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायू सोडतात, तो सोडलाच नव्हता. असल्या खरखरीत जागेत जंतू प्लास्टिकच्या ओरखड्यापेक्षाही आरामात राहतात, म्हणजे ज्यासाठी प्लास्टिक सोडलं तेच पैसे देऊन घरी आणलं. मग कॉकवर संशय आला. किल्लीनं थोडं खरवडलं, आत पिवळंधमक. पितळेवर पॉलिश.

माझा एक दोस्त फौंड्रीत लॅबला हाय. भांडं स्कूटरवर मांडीत धरून नेलं. त्यानं स्पेक्ट्रो मारला, म्हणजे ठिणगी पाडून धातूत काय काय किती हाय ते सांगणारं मशीन, तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी नाण्याएवढा काळा डाग पडतो जळल्यासारखा. स्क्रीनवर आकडे आले: क्रोमियम 15.2, निकेल 1.1, मँगनीज 9.3, तांबं 1.7. दोस्त काही बोलला नाही, नुसता हसला. मग म्हणाला, "लेका, जे-4 हाय. एवढी वर्षं काय करूलालतास?"

परत गेलो त्या फॅब्रिकेटरकडे. आधी त्यानं ओळखच दाखवली नाही, मग म्हणाला ब्लीच घातलं असणार तुम्ही. हा मुद्दा तसा खोटा नाही, क्लोरीनच्या ब्लीचनं चांगल्या 304 ला पण खड्डे पडतात, स्टीलच्या भांड्यात ते कधीच घालू नये. खरं मी घातलंच नव्हतं. स्पेक्ट्रोचा कागद पुढं ठेवला तर म्हणतो, "मी 304 कुठं लिहून दिलंय?" आणि वहीचं पान माझ्याच खिशात. शेवटी "येनू आगंगिल्लरी" (काही होत नाही) म्हणत भंगारच्या भावात परत घ्यायला तयार झाला, तीन हजार. मी भांडं उचललं आणि घरी आलो.

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिलं विचारलं बिल हाय का. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखाच्या आतल्या व्यवहाराला फी सुद्धा नाही, खरं तिथं जाऊन दाखवणार काय, "एसएस भांडे 1 नग"? जीएसटी वाचवायला गेलो आणि तक्रारीचा हक्कच विकून आलो. म्हणून सांगतो, बिलावर "एसएस 304" हे अक्षरात लिहून घ्या, कॉक आणि नळी पण 304 असं वेगळं लिहून घ्या. जो खरा देणारा हाय तो लिहायला का कू करत नाही. आणि पैसे देण्याआधी तिथंच त्याच्यासमोर थेंब टाकून बघा. बॅटरीवर चालणारं छोटं टेस्टिंग किट मिळतं, एक थेंब टाकून तार लावायची, मँगनीजवाला माल असला तर थेंब लालसर होतो, 304 वर तसा होत नाही. भांडीवाल्यांकडं असतंच ते. चुंबक काढणाऱ्याला हे किट काढायला सांगा आणि त्याचं तोंड बघा.

आता कोण विचारेल, मग घ्यायचं काय? वीस लिटरच्या आत करणार असाल, पंधरा दिवसात संपवणार असाल तर प्लास्टिकच घ्या, नवीन, ग्लास-काट्याच्या खुणेचं, आणि ते मऊ फडक्यानंच धुवा, ओरखडा दिसला की तांदळाला लावा. माझ्या पुण्याच्या बादल्यांनी त्या भांड्यापेक्षा चांगलं काम केलं हे म्हणताना मला लाज वाटते, खरं तसंच हाय. महिना महिना ठेवायचं असलं, वर्षानुवर्षं करायचं असलं तर स्टील, आणि वेल्ड आतनं हात फिरवून बघितल्याशिवाय नाही. चकाकी बाहेर असते, काम आत असतं.

मी परत दोन बादल्या मागवल्यात. मावशींना हात जोडून सांगितलंय. भांडं आईनं न्हाणीघरात ठेवलंय, आमच्याकडं पाणी रोज येत नाही, तीस लिटर साठवायला बरं पडतं. स्पेक्ट्रोचे तीन काळे डाग तिनं भिंतीकडं करून ठेवलेत, पाव्हण्यांना दिसू नयेत म्हणून.