विजयानंतरची भूक : ‘द बर्निंग गॉड’

आर. एफ. क्वांग यांच्या ‘द पॉपी वॉर’ या कादंबरीत्रयीचा ‘द बर्निंग गॉड’ हा अखेरचा भाग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ च्या पहिल्या भागात अफूचा चोरटा धंदा करणाऱ्या घरात वाढलेली रिन ही अनाथ मुलगी परीक्षेच्या बळावर सिनेगार्डच्या लष्करी विद्यालयात पोहोचते. या अखेरच्या भागात ती दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या सैन्याची सेनानी आहे. उजवा हात तिने गमावला आहे आणि अग्निदेवतेची संहारक शक्ती तिच्या अंगी आहे.

निकारा हे साम्राज्य काल्पनिक असले, तरी त्यामागचा विसाव्या शतकातील चीन लपत नाही. डोंगरांतून होणारी जीवघेणी माघार वाचताना १९३४-३५ मधील चिनी कम्युनिस्टांचा ‘लाँग मार्च’ आठवतो, आणि रिनचा प्रवास माओच्या वाटेवरून आखला आहे, हे लेखिकेनेच सांगितले आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, हे ज्याला ठाऊक आहे, तो ही कथा परक्याची म्हणून वाचू शकणार नाही.

या भागाचे खरे सामर्थ्य युद्ध जिंकल्यानंतरच्या पानांत आहे. राजधानी हाती येते, पण कोठारे रिकामी असतात. धान्य द्यायला हेस्पेरियासारखी परकी सत्ताच उरते, आणि तिच्यापुढे हात पसरणे रिनला मरणाहून कठीण वाटते. ज्यांच्यासाठी ती लढली, तीच माणसे उपाशी मरत असताना तिला सर्वत्र फितुरी दिसू लागते. हा बदल लेखिकेने इतक्या बारकाईने रेखाटला आहे की रिनचा प्रत्येक निर्णय आपल्याला क्षणभर पटतो आणि पुढच्याच पानावर त्याची भीती वाटू लागते.

मधला भाग मात्र लांबला आहे. निकाराला एकेकाळी एकत्र आणणाऱ्या तीन दैवी शक्तिधारकांच्या जुन्या त्रिमूर्तीला पहिल्या दोन भागांत एवढे महत्त्व दिल्यावर तिचा शेवट फारच घाईने उरकला आहे, याची मला खंत वाटली. शिवाय आधीचे दोन्ही भाग वाचल्याशिवाय या पुस्तकाला हात घालू नये, आणि हिंसेची वर्णने ज्यांना सोसत नाहीत, त्यांनी जपूनच वाचावे.

शेवट इथे सांगत नाही. रिनच्या शक्तीचा भार आपल्या मनावर पेलणारा तिचा मित्र किताय, त्या भाराची किंमत तोवर कोणीच त्याला नीट विचारलेली नसते. अखेरच्या प्रकरणात रिन त्याच्याकडे पाहते, तेव्हा ती प्रथमच विचारली जाते.