राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ : एक अनुभव
ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचे भांडे तडकलेले निघाले आणि विक्रेत्याने ‘परताव्याची मुदत संपली’ हे एकच छापील उत्तर तीनदा पाठवले, तेव्हा मी नाइलाजाने १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला. सारे बोलणे मराठीत झाले, ही पहिली जमेची बाजू. बिल, ऑर्डर क्रमांक आणि खोके उघडतानाची छायाचित्रे जोडल्यावर तक्रार नोंदली गेली आणि आठवडाभरात त्याच विक्रेत्याने, मुदतीचा शब्दही न काढता, भांडे बदलून दिले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रारीचे निवारण करणे बंधनकारक आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. मात्र ही सेवा दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीपुरती आहे. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. विक्रेता अडूनच बसला, तर ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते. तेथे, वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शुल्क पडत नाही आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, मग विक्रेत्याचे कार्यालय कोठेही असो.