बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयातले भग्न संत

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्याही मूर्तीपुढे उभी राहिले की नजर आधी बोटांकडे आणि वस्त्राच्या चुण्यांकडे जाते. स्वित्झर्लंडमधल्या या संग्रहालयात कितीतरी मूर्तींना हातच नाहीत, काहींची तर नुसती मुंडकी उरलीत. तरी त्या दालनातून माझा पाय निघेना.

1528 च्या जानेवारीत बर्नने धर्मसुधारणेची, म्हणजे मूर्तिपूजा नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाची, बाजू घेतली आणि म्यून्स्टर या मोठ्या चर्चमधल्या संतांच्या मूर्ती फोडल्या गेल्या. चर्चला लागून, आरे नदीच्या वर, एक उंच बांधीव चबुतरा आहे. तुकडे त्याच्या भरावात गेले, आणि 1986 साली चबुतऱ्याच्या दुरुस्तीत शेकड्यांनी बाहेर आले.

दगड स्थानिक वालुकाश्म, करडा-हिरवट आणि मऊ. उघड्यावर तो झिजतो. हे तुकडे मात्र साडेचारशे वर्षं ऊन-पावसापासून लांब राहिले, म्हणून काहींवर मूळ रंगही टिकून आहे. ज्यांनी मूर्ती नाहीशा करायला गाडल्या, त्यांच्याच हातून त्या जपल्या गेल्या! आपण गॉथिक, म्हणजे युरोपच्या मध्ययुगातलं शिल्प म्हटलं की राखाडी दगड डोळ्यांपुढे आणतो. ते चित्र माझ्यापुरतं तरी इथे पुसलं गेलं. तुटलेल्या कडेपाशीही चुणीची रेघ कुठे डगमगलेली नाही, आणि ते बघताना त्या अनाम कारागिरांबद्दल माझा जीव भरून आला.

आमच्या सहल कंपनीने म्यून्स्टरला जेमतेम अर्धा तास दिला होता, आणि या शोधाचं वाटाड्याने नावही काढलं नाही. मी दुसऱ्या दिवशी एकटी गेले. तुम्ही जाल तेव्हा आधी म्यून्स्टरचं मुख्य दार नीट बघा. शिल्पकार एर्हार्ट क्यूंगने घडवलेला तिथला अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या अंती देव करणार असलेल्या निवाड्याचा, देखावा 1528 मध्ये वाचला. त्यातले 47 मोठे पुतळे आता प्रतिकृती आहेत, अस्सल याच संग्रहालयात ठेवलेत. मग चबुतऱ्यावर थोडं बसा, आपल्या पायांखाली काय होतं ते आठवा, आणि किर्खेनफेल्ड पूल ओलांडून चालत या. पूल संपला की समोरच संग्रहालय दिसतं.

निदान दोन तास हाताशी ठेवा, आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी ते बंद असतं.