अर्टिगाला स्पार्क प्लग बदलायचेत: साधे निकेल घ्यावेत की इरिडियम?

सीएनजीवरची अर्टिगा किंवा ईको असेल आणि रनिंग भरपूर असेल तर इरिडियम घ्या, आणि नुसत्या पेट्रोलवर महिन्यातनं चार-पाचशे किमी फिरणारी घरची गाडी असेल तर साधे निकेलच घ्या पण वेळेवर बदला, मी तरी विचारणाऱ्याला हेच सांगतो. एकच अट, कंपनीनेच इरिडियम दिले असतील तर साध्यावर उतरू नका.

आता फरक काय ते. साध्या प्लगचं मधलं टोक निकेलचं, साधारण अडीच मिमी जाड, आत उष्णता ओढायला तांब्याचा गाभा, म्हणून काही जण त्यालाच कॉपर प्लग म्हणतात. इरिडियमचं टोक 0.4 ते 0.6 मिमी, म्हणजे मायक्रोटिप पेन्सिलच्या शिशाएवढं. बारीक टोकावरनं ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, आणि निकेल 1455 अंशाला वितळतं तिथे इरिडियम 2446 अंशाला, म्हणून एवढं नाजूक असूनही लवकर झिजत नाही. प्लॅटिनम या दोघांच्या मधलं, पण कंपनीने सांगितलं नसेल तर त्याच्या मागे लागण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

खरा मुद्दा सीएनजीचा आहे. गॅसमध्ये ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्याने टोक झिजतं, टोक झिजलं की गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती दोन टोकांमधली फट, वाढतो, गॅप वाढला की अजून व्होल्टेज लागतं आणि सगळा ताण ते व्होल्टेज बनवणाऱ्या कॉइलवर येतो. त्यात सात माणसं, एसी चालू आणि समोर कसारा घाट, अॅक्सिलरेटर दाबला की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की ठिणगी पडणं अजून अवघड होतं. म्हणून गावात मस्त चालणारी गाडी घाटात धक्के मारते, पिकअप सोडते, आणि पेट्रोलवर टाकली की लगेच शांत होते. असं झालं तर गॅस ट्यूनिंगच्या खर्चात पडण्याआधी प्लग काढून गॅप मोजा, प्लीज.

पैशाचं बघाल तर इरिडियमचा एक प्लग साध्याच्या चार-पाच पट पडतो. पेट्रोलवर साधे 30-40 हजार किमी जातात, इरिडियम 80 हजार ते 1 लाख, गॅसवर दोन्हीचं आयुष्य कमी धरा, आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. म्हणजे नुसत्या हिशोबात इरिडियम स्वस्त पडत नाही, मायलेजमध्ये वसूल होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पैसे जातात ते गॅप जास्त दिवस टिकावा आणि कॉइल वाचावी यासाठी, आणि बायकापोरांना घेऊन रात्री गावाला निघणाऱ्याला ते द्यावेसे वाटतात.

घेताना मॅन्युअलमधला पूर्ण पार्ट नंबर दुकानदाराला दाखवा, नुसतं '6 नंबरचा द्या' चालत नाही, कारण एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर वाढला की प्लग 'थंड' प्रकारचा होतो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकतो, आणि बॉशमध्ये बरोब्बर उलटं आहे. जुने मेकॅनिक बॉशला अजून मायको म्हणतात, कंपनीचं नाव 2008 मध्ये बदललं, तो ब्रँड तोच. डुप्लिकेट माल खूप आहे, त्यामुळे भाव फारच कमी असेल, प्रिंट पुसट असेल किंवा वायसर हातानेच सहज निघून येत असेल तर परत करा.

बसवताना इंजिन थंड पाहिजे, आटे आधी हातानेच लावायचे कारण हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर खर्च मोठा. नवीन वायसरवाला प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे, टॉर्क रेंच असेल तर उत्तमच. आणि इरिडियमला वायर ब्रश अजिबात लावू देऊ नका, गॅपसुद्धा तारेच्या गेजनेच बघायला सांगा, पट्टीचा गेज मध्ये घालून टोकावर जोर दिला तर टोक तुटतं.